मोडीत घालण्याआधी एकदा उलटं करून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण सरत आला की आमच्या दापोली तालुक्यात घरोघर माळे झाडायला काढतात. चाकरमानी यायच्या आत घर लख्ख हवं, गणपतीची जागा सारवून-रंगवून तयार हवी. माळ्यावरची पितळ खाली येते, अंगणात पसरते, आणि नेमका त्याच आठवड्यात मोडवाल्याचा टेम्पो भोंगा लावून वाडीवाडीतून फिरतो. वजनकाटा त्याच्याजवळच असतो. गळकी कळशी, फुटका गडू, दांडा तुटलेली पळी, सगळं एका पोत्यात जातं. गळक्या कळशीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या पोत्यात दर वर्षी आणखी एक वस्तू जाते, आणि तिच्यासाठी हे पत्र लिहितो आहे. ती वस्तू म्हणजे मेणबत्तीचा जुना पितळी स्टँड. माझे आजोबा त्याला शमादान म्हणत.

मी एस.टी.च्या कार्यशाळेत ३१ वर्षं फिटर होतो. निवृत्त होऊन ११ वर्षं झाली. गेली २६ वर्षं मी एकोणिसाव्या शतकातली शमादानं गोळा करतो आहे. आज माझ्याकडे ४३ आहेत. बहुतेक पितळेची, चार लोखंडी पत्र्याची, दोन कथलाच्या मिश्रधातूची आणि एक चांदीचा मुलामा दिलेलं. हौस म्हणून सुरू झालं होतं, पण आता नुसती हौस राहिलेली नाही. हे सगळं डोळ्यांदेखत वितळायला जातं आहे, आणि त्याची कुठे नोंदही होत नाही.

कुणी विचारील, समयांच्या मुलखात मेणबत्तीच्या स्टँडचं एवढं काय? प्रश्न बरोबर आहे. समईची काळजी मला वाटत नाही. समई मोडीत घालताना बाईचा हात अडखळतो, सासूची आठवण येते, निदान एकदा नमस्कार करून ती देतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन बघा, काकासाहेब केळकरांनी गावोगाव हिंडून जमवलेले किती प्रकारचे दिवे तिथे आहेत. समईला, लामणदिव्याला, निरांजनाला वाली आहे. शमादानाला कुणी नमस्कार करत नाही. माझी आजी देवघरात मेणबत्ती लावू देत नसे. ती म्हणायची, "त्यात चरबी असते, ओटीवर ठेवा ती." तिचं चुकत नव्हतं. आजची मेणबत्ती खनिज मेणाची असते, पण ते मेण आलं १८५० नंतर. त्याआधीच्या स्वस्त मेणबत्त्या जनावराच्या चरबीच्याच असत. म्हणून शमादान घरात आलं तरी ओटीवर, पडवीत, फार तर माजघराच्या कोनाड्यात राहिलं. देवाचं नाही, स्वयंपाकाचंही नाही. मोडवाला आला की पहिल्यांदा तेच उचललं जातं.

आमच्याकडे ती आली कुठून, हे इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. दापोलीला जुनी माणसं अजून कॅम्प म्हणतात. १८१८ नंतर इथे गोऱ्यांची छावणी पडली, साहेब राहिले, मेस चालली, चर्च उभं राहिलं. साहेब बदलून गेला की सामानाचा लिलाव व्हायचा किंवा नोकराला काहीबाही देऊन टाकायचे. दुसरी वाट मुंबईची. तिकडे साहेबाच्या बंगल्यावर, गोदीत किंवा बोटीवर चाकरी करणारा आमचा माणूस आगबोटीने हर्णैला किंवा दाभोळला उतरताना ट्रंकेत एखादी विलायती वस्तू आणायचाच. माझ्या ४३ पैकी २७ ठिकाणी घरच्या माणसांनी मला कुणी आणलं ते सांगितलं, आणि ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. उरलेली १६ मोडवाल्याच्या पोत्यातून उचलली. ती बोलत नाहीत. घडण सुंदर असली तरी ती कोणाच्या ओटीवर जळली हे आता कधीच कळणार नाही.

म्हणून पहिली विनंती ही, की पितळ काट्यावर ठेवण्याआधी ती उलटी करा. फक्त उलटी करून उजेडात धरा.

एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच विलायती शमादानांच्या दांड्यात एक सळई असते आणि बुडाशी तिची छोटी गोल कळ. मेणबत्ती जळून तळाला गेली की ती कळ खालून दाबायची, उरलेला तुकडा वर येतो, मेण वाया जात नाही. सळई अडकलेली असली तर जोर लावू नका, आत जुनं मेण असतं. गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवलं की सुटते. (बूड जड आणि बंद असेल, हलवल्यावर आत काही भरलेलं वाटत असेल, तर मात्र पाण्यात घालू नका. वजनासाठी आत राळ भरलेली असते, ती उष्णतेने पाघळते.) दांड्याच्या पोकळीत बोट घालून उभी शिवण लागते का बघा. दोन अर्ध्या फाळी ओतून झाळून जोडलेला दांडा असेल तर वस्तू साधारण अठराव्या शतकातली असू शकते. पुढे मध्ये गाभा ठेवून अख्खा पोकळ दांडा एकदम ओतायची रीत आली आणि शिवण गेली.

बुडावर 'इंग्लंड' एवढंच इंग्रजी अक्षरांत ठोकलेलं असलं तर वस्तू बहुधा १८९१ च्या आसपासची किंवा नंतरची. अमेरिकेने १८९० मध्ये कायदा केला, की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं, तेव्हापासून हा शिक्का सर्रास दिसू लागला. आणि सगळ्यात मोलाची खूण म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखी एक उभी आकृती, तिच्या डोक्यावर छोटं वर्तुळ. ही विलायतेतली नक्षी-नोंदणीची खूण, १८४२ ते १८८३ एवढ्याच काळातली. वर्तुळात रोमन एक असेल तर धातूची वस्तू. चौकटीच्या चार कोपऱ्यांत दिवस, महिना, वर्ष आणि नोंदीच्या गठ्ठ्याचा क्रमांक, अक्षरांत आणि आकड्यांत. १८६८ पासून कोपऱ्यांची अदलाबदल झाली, म्हणून जपून वाचावं लागतं. तारीख मिळते ती नक्षी नोंदवल्याची, वस्तू त्यानंतर कधीही ओतलेली असेल. तरीही विचार करा, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या पितळेच्या तुकड्यावर दिवस-महिन्यासकट तारीख!

अशी खूण माझ्या हातून गेली आहे, ते सांगायलाच हवं. २००९ साली दाभोळकडच्या एका घरातून मला हातात धरून न्यायचं शमादान मिळालं होतं. बशीसारखं बूड, कडेला बोट घालायची कडी, रात्री निजायच्या खोलीत घेऊन जायचं. बुडाखाली काळ्या थराआड ती चौकट दिसली. वर्तुळातला रोमन एक स्पष्ट, मधली अक्षरंही लागली, कोपरे काजळीने भरलेले. सवडीने साफ करून वाचू म्हटलं. तेवढ्यात शाळेच्या प्रदर्शनात मांडायचं ठरलं आणि मी ते मोठ्या शहरातल्या एका पॉलिशच्या दुकानात दिलं. "लख्ख करून द्या," एवढंच म्हणालो. चार दिवसांनी हातात आलं ते आरशासारखं. उलटं केलं. बफिंगच्या चाकाने बूडसुद्धा गुळगुळीत झालं होतं. चौकटीच्या जागी नखाएवढी सावली, तीही उन्हात तिरकं धरलं तरच दिसणारी. कारागिराने मी सांगितलं तेच केलं होतं, त्याच्याशी काय भांडणार? घरी येऊन मी रात्रभर भिंग लावून बसलो होतो. एकही कोपरा लागला नाही. आज चौदा-पंधरा हजाराची पितळ समोर ठेवली तरी ती चार अक्षरं परत येणार नाहीत.

तेव्हा दुसरी विनंती ही, की जुनी पितळ बफिंगला देऊ नका. काळसर तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे. आपल्या खाऱ्या हवेत पितळेला हिरवा कळंक चढतो, तेवढा काढावा. मऊ फडकं, कोमट पाणी, थोडं तेल, आणि भरपूर वेळ. चिंच-मीठ लावून लगेच धुतलं तर ठीक, पण रात्रभर चिंचेच्या कोळात बुडवून ठेवायची आपल्याकडे जी रीत आहे ती जुन्या वस्तूला घातक. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटात जस्त आधी निघून जातं, वर तांबं उरतं, आणि सकाळी वस्तू गुलाबी डाग पडलेली दिसते. तो डाग धुऊन जात नाही.

आणि पितळ गोठ्यावरच्या माळ्यावर ठेवू नका. हे ऐकून लोक माझ्याकडे बघत राहतात. पण ते खरं आहे. इंग्रजांच्या फौजेत हिंदुस्थानातच हा अनुभव आला होता. पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या आपोआप तडकायच्या. कुणी हात लावलेला नाही, ठोकलेलं नाही, तरी भेगा. पुढे १९२० च्या सुमारास त्याचं कारण नक्की झालं. घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया, हवेतला ओलावा, आणि ठोकून-ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ चिरते. आमच्या एका शेजाऱ्यांच्या गोठ्यावरून उतरवलेल्या पातळ पत्र्याच्या शमादानाचा गळा मी तसाच उभा चिरलेला पाहिला. ते ओतीव असतं तर कदाचित टिकलं असतं.

आता नकलांबद्दल. मुरादाबादेत विलायती जुन्या घाटाची पितळी शमादानं आजही ओततात, मधपोळ्याच्या घाटाची, हिऱ्यासारख्या पैलूंची, आणि कारागिरी उत्तम असते. नवीन म्हणून घ्या, आनंदाने वापरा. पण पर्यटकांसाठी मांडलेल्या दुकानांत तीच काळी करून 'साहेबाच्या बंगल्यातलं' म्हणून विकतात, तेव्हा मला राग येतो. फिटरला फसवणं अवघड असतं, कारण तो आटे बघतो. दांडा बुडातून फिरवून काढा आणि आट्यांवर थ्रेड गेज, म्हणजे आटे मोजायची दातेरी पानं, लावा. गेज मेट्रिकमध्ये चपखल बसला, आट्याचा कोन ६० अंशांचा भरला, तर वस्तू विसाव्या शतकातली किंवा नंतरची, पुढे बोलायलाच नको. जुनी विलायती यंत्राची असेल तर ५५ अंश. तो व्हिटवर्थ साहेबाचा कोन, त्याने १८४१ मध्ये मांडलेला. आणि त्याहून जुनी किंवा छोट्या कारखान्यातली असेल तर गेजचं एकही पान बसत नाही. हाताने कापलेला आटा, ज्याचा त्याचा वेगळा. एकाचा दांडा दुसऱ्याच्या बुडात जाणारच नाही.

कधी वस्तू काय आहे हेच घरच्यांना माहीत नसतं. आंजर्ल्याच्या एका काकूंनी माझ्यासमोर एक कात्री ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊ, हा कसला अडकित्ता हो? सुपारी काही कातरत नाही." तिच्या एका पात्यावर छोटी डबी होती. ती वातीची कात्री. पूर्वीच्या मेणबत्तीची वात सरळ उभी राहून काजळायची, दर थोड्या वेळाने ती कापावी लागे, आणि कापलेला जळता तुकडा त्या डबीत पडे. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये वेणीसारखी विणलेली वात निघाली. ती जळताना वाकते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला येऊन आपोआप जळून जातं. त्यानंतर कात्री हळूहळू लागेनाशी झाली. काकूंनी ती मोडीत घातली नव्हती, कारण त्यांच्या सासूबाईंनी "असू दे" म्हणून ठेवली होती. त्या दोन शब्दांचे माझ्यावर फार उपकार आहेत. ती कात्री आजही त्यांच्याच घरी आहे. मी फक्त फोटो काढला आणि वहीत लिहिलं.

एक गोष्ट कायद्याची. १९७२ च्या केंद्राच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू पुरावशेषांत धरल्या जातात. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. मोबाइलवर फोटो टाकून परदेशी गिऱ्हाईक शोधणाऱ्या आमच्या तरुण मुलांना हे कुणी सांगत नाही.

आता ज्यासाठी मुख्यतः पेन उचललं ते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडची काय दशा झाली ते आपल्या वाचकांना ठाऊक आहे. माड-पोफळी आडव्या, कौलं उडाली, कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या दिवसांत जुनी शमादानं पुन्हा ओटीवर आली आणि जळली. आणि त्याच दिवसांत ती विकलीही गेली, कारण डोक्यावर पत्रा घालायचा होता. पावसाळा दारात होता. कुणाला दोष द्यायचा?

पुढच्या हिवाळ्यात मी हर्णैच्या अलीकडे एका गावात जुन्या सहकाऱ्याकडे गेलो होतो. त्याच्या शेजारच्या घरी चहा झाला. निघताना तिथल्या वहिनी माझ्या बायकोला कुंकू लावायला आल्या. कुंकू होतं एका उथळ पितळी थाळीत, व्यास साडेचार इंच. माझी नजर काठावर गेली. काठाला बाहेरून आटे होते. कुंकवाच्या थाळीला आटे कशाला? वहिनींना विचारून कुंकू कागदावर काढून घेतलं. थाळीच्या मधोमध भोक, त्यालाही आटे, आणि त्यावर खालून मेण लावून बुजवलेलं. मी म्हटलं, "वहिनी, एवढीशी पितळेची नळी आहे का हो घरात, तळाला आटे असलेली?" त्या आत गेल्या आणि देवघरातून उदबत्तीचं घर घेऊन आल्या. राखेने भरलेलं. मी ते पुसलं, भोकावर टेकवलं आणि फिरवलं. अडीच वेढे गेलं आणि घट्ट बसलं. थाळीवर मेणबत्तीचं घर उभं राहिलं.

ओसरीवर बसलेले त्यांचे सासरे, वय तेव्हा ८४, काठी टेकत उठून आले. "हे असं होतं होय," म्हणाले, "मी विसरलोच होतो." मग हळूहळू त्यांना सगळं आठवलं. त्यांच्या आज्याचे वडील कॅम्पात एका साहेबाकडे होते, त्यांनी आणलेलं. थाळ्या दोन होत्या. एकीवर दुसरी पालथी घालून फिरवली की करंड्यासारखी बंद व्हायची आणि दोन्ही नळ्या काढून आत पडायच्या. प्रवासाची शमादानं ती. साहेब दौऱ्यावर निघाला की खिशात मावणारी, मुक्कामावर उघडली की दोन दिवे. इंग्लंडात अशा जोडीला तिथल्या एका पावाचं नाव होतं, बंद केली की ती तशीच गोल फुगीर दिसते म्हणून. मी तिच्याबद्दल वाचलं होतं. हातात पहिल्यांदा आली, तीही अर्धी.

दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा एक थाळी थोरल्याकडे, एक धाकट्याकडे गेली. धाकट्यांचं घर वादळात उघडं पडलं. मुलांनी पत्र्यांसाठी घरातली पितळ दिली, त्यात ती गेली. जून संपायच्या आत कधीतरी, हर्णै-आंजर्ले भागात फिरणाऱ्या टेम्पोत.

वहिनींनी आपली थाळी मला आग्रहाने दिली. मी त्यांना कुंकवासाठी नवं पंचपाळं नेऊन दिलं. घरी येऊन आट्यांवर गेज लावला, एकही पान बसलं नाही. हाताने कापलेले आटे. म्हणजे या थाळीवर जगात एकच थाळी बसू शकते.

मला कळतं की ती वितळली असण्याचीच शक्यता जास्त. पण मोडवाले चांगली दिसणारी वस्तू कधीकधी बाजूला काढून दुकानदाराला विकतात, हे मी पोत्यांतून स्वतः उचललेल्या १६ नगांवरून जाणतो. म्हणून आपल्या वाचकांना तिचं वर्णन देतो. पितळी उथळ थाळी, साडेचार इंच. आटे काठाच्या आतल्या बाजूने. मध्ये आट्यांचं भोक, नळी असेल किंवा नसेल. माझ्या थाळीखाली छिन्नीने मारलेली एक उभी रेघ आहे. दुसरीखाली दोन होत्या, असं वहिनींचे सासरे, ते आजोबा, सांगतात. आणि तिच्या काठाला एक चेप आहे. ते सात-आठ वर्षांचे असताना ती त्यांच्या हातून विहिरीच्या पायरीवर पडली होती, आणि त्यांना त्याबद्दल वडिलांचा मार बसला होता.

ती कुणाकडे राखदाणी म्हणून, चाव्या ठेवायला, कुंकवाला, कशालाही असेल. मला ती विकत नको. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच राहू दे. फक्त एकदा दापोलीत आणा, किंवा मी येतो, म्हणाल त्या गावी. आजोबांना मी सोबत घेऊन येईन. ते आता चालतात कमी, पण रिक्षात बसवून आणता येईल. दोन्ही थाळ्या एकमेकींवर ठेवून फिरवायच्या आहेत, त्यांच्या हातून.

पत्र छापावं ही विनंती. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त फिटर,
दापोली, जि. रत्नागिरी